एकच काडतूस, दोन हत्यारें

अमेरिकेच्या पश्चिम भागांत दूरवर फिरणाऱ्या माणसास दोन जातींचीं काडतुसें बाळगणें हा मोठाच त्रास असे. १८७३ सालीं विंचेस्टर कंपनीनें ‘.४४-४०’ काडतुसाची तरफेची रायफल काढली, आणि त्याच दशकांत कोल्ट कंपनीनें तेंच काडतूस आपल्या रिव्हॉल्वरला दिलें. एका पट्ट्यांतील काडतुसें दोन्ही हत्यारांना पुरूं लागलीं.

रिव्हॉल्वरच्या काडतुसाच्या अशा रायफली निशाणबाजीचे शौकीन आजहि आवडीनें वापरतात. चापाभोंवतींची तरफ खालीं-वर केली, कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें व नवें आंत बसतें. रायफल वजनदार, दारू बेताची. म्हणून खांद्यास धक्का थोडाच. नळी लांब असल्यानें तीच गोळी अधिक वेगानें सुटते. मात्र शंभर यार्डांपलीकडे ती झपाट्यानें खालीं येऊं लागते.

एक सावधगिरी हवीच. १८९२ सालीं जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्याची अधिक मजबूत रायफल आली, व पुढें तिच्यासाठीं अधिक जोराचीं ‘.४४-४०’ काडतुसेंहि निघालीं. तीं १८७३ च्या रायफलींतहि बसतात. परंतु तिचे सांधे तेवढा दाब सोसण्याजोगे नाहींत. बसतें म्हणून चालतें, असें नव्हे. जुन्या वस्तूचा आनंद तिची मर्यादा ओळखूनच घ्यावयाचा असतो.