गाडीभर शेणखत कुणाच्या वाट्याला?



उकिरड्यावर खत निघते मोजक्या गाड्या. ट्रॅक्टर आला आणि बैल गेले त्या घरी तेवढेही नाही. जे निघते ते सगळे पऱ्हाटीला. तुरीच्या तासाला उरलेसुरले. का? तर तूर हवेतून खाते म्हणे!

ही गोष्ट अर्धीच खरी आहे. हवेतले नत्र तूर घेत नाही, तिच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणू घेतात. त्यांनाही ओल लागते, स्फुरद लागते. जमीन दगडासारखी आवळली की तेही संपावर जातात.

एक जण सांगतो, शेणखतावर सगळे भागते. दुकानदार सांगतो, पोत्याशिवाय पिकत नाही. दोघांचेही ऐकू नका, हिशेब मांडा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का आणि स्फुरद पाव टक्क्याच्या आत-बाहेर. सलग तुरीला हेक्टरी ५ टन टाकले तर नत्र २५ किलो आणि स्फुरद १०-१२ किलो. शिफारस आहे २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरदाची. शेणखतातले नत्र पहिल्याच वर्षी सगळे हाती लागत नाही, पण ती कसर गाठी भरून काढतात. स्फुरदाची तूट मात्र खरीच आहे, ३८-४० किलोची. ती सिंगल सुपर फॉस्फेटने भरायची तर हेक्टरी पाच पोती. त्यातून गंधकही मिळते आणि दाण्यातल्या प्रथिनाला गंधक लागतेच. युरियाची मात्र तुरीला गरज नाही. आयते नत्र मिळाले की गाठी आळशी होतात.

आठ तास पऱ्हाटी आणि एक तास तूर असेल तर खत वावरभर फेकू नका, तासातच द्या. कच्चे शेण नको, ते वाळवी आणि तण घेऊन येते. उन्हापावसात उघड्यावर पडलेल्या उकिरड्यातले नत्र उडून आणि वाहून जाते. खड्डा करा, वर मातीचा थर द्या. रायझोबियमचे २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या पाण्यातून लावा, सावलीत सुकवा. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. पाकिटावरची मुदत पाहा, आणि हरभऱ्याचे पाकीट तुरीला चालत नाही हे दुकानदाराला ठणकावून सांगा.

आता दाण्याच्या कसाचे. तुरीत प्रथिने २० ते २२ टक्के, म्हणजे क्विंटलमागे तीन किलोवर नत्र दाण्यात जाते. शेंगा भरताना काळी जमीन भेगाळते, गाठी थंडावतात आणि दाणा पोचट राहतो. सेंद्रिय खताने ओल टिकते ती नेमकी तेव्हा कामी येते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत अडकून पडलेले लोह आणि जस्तही त्याने सुटते.

बाजार समितीत प्रथिने कुणी मोजत नाही, काटा वजनच पाहतो. तेही नीट पाहिले तर! २०१६-१७ साली तुरीचा हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता आणि बाजारात तूर त्याच्याही खाली गेली. म्हणून महागडी 'सेंद्रिय' पोती उधारीवर आणून पीक घेऊ नका. उकिरडा आपला आहे, त्याचे बिल येत नाही. आणि कसदार तुरीचे पहिले गिऱ्हाईक आपलेच घर. ज्वारीत जे लायसिन कमी पडते ते तुरीत भरपूर असते. भाकरीसोबत वरण आपल्या आज्या उगाच वाढत नव्हत्या.

पेरणीनंतर ३५-४० दिवसांनी चार झाडे कुदळीने खणून काढा. उपटू नका, गाठी मातीत राहतात. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर कामावर आहे, पांढरी किंवा हिरवी दिसली तर नाही. पुढच्या बैठकीला येताना शेणखत दिलेल्या तासातले एक झाड आणि न दिलेल्यातले एक, दोन्ही मुळासकट घेऊन या. इथेच फोडून पाहू.