कानशीची तरतूद



काही दिवसांपूर्वी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या जोडारी विभागात तासभर बसण्याचा योग आला. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा व्हाइसमध्ये पोलादाचा ठोकळा आवळून त्यावर कानस चालवीत होता. मधूनच थांबून गुण्या लावी, ठोकळा उजेडाकडे धरी, आणि फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासू लागे. कानशीचे दाते मात्र पार झिजले होते. कोपऱ्यात एक नवे संगणकचलित यंत्र प्लास्टिकच्या आच्छादनाखाली स्वस्थ बसले होते. “कानशींची मागणी गेली आहे, मंजुरी यायची आहे,” शिल्पनिदेशक शांतपणे म्हणाले.

कारागीर प्रशिक्षणाची योजना केंद्राने 1950 साली आरंभिली, 1956 साली या संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला आणि 1969 पासून आर्थिक भारही. तेव्हापासून आपल्या मुलाच्या हातातील कानस हा राज्याच्या अंदाजपत्रकाचा विषय आहे. परंतु सरकारी पैशाचा स्वभाव असा की, मोठ्या आणि डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूसाठी तो चटकन निघतो, नित्याच्या किरकोळ खर्चासाठी रखडतो. आणि तरतूद व्यपगत होऊ नये म्हणून मार्चअखेरीस जी घाईची खरेदी होते, तीत कानस क्वचितच बसते.

2024 साली राज्याने कार्यप्रशिक्षणाची योजना काढून बारावी उत्तीर्णास दरमहा 6,000, आयटीआय वा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये विद्यावेतन थेट बँकखात्यात देऊ केले. गरजू घरात त्या रकमेचे मोल किती, हे मी जाणतो. पण ज्या हातांना आधी शिकावयाचे आहे त्यांच्या साधनांचा खर्चही तितक्याच थेटपणे त्या विभागापर्यंत का पोहोचू नये?

याला आपल्याच राज्यात एक जुना दाखला आहे. रोजगार हमीसाठी 1975 साली व्यवसाय कर बसविला गेला, आणि शहरातील नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा खेड्यातील मजुराच्या कामाशी कायद्याने बांधला गेला. (पगारपत्रकावरील त्या वजावटीकडे पाहून आम्ही कुरकुरलो, हेही खरे.) कोणता पैसा कोणाच्या हाती जाणार हे तेथे आधीच ठरलेले होते. प्रत्येक व्यवसायाच्या कच्च्या मालासाठी आणि हत्यारांसाठी अशीच बांधलेली रक्कम सत्रारंभीच संस्थेच्या हाती द्यावी, आणि तिचा हिशेब शिल्पनिदेशकाकडूनच घ्यावा, असे मला वाटते.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा ते शिल्पनिदेशक शेजारच्या विभागात कानस उसनी मागण्यास गेले होते.