गोठ्यातला दिवा आणि घरावरचा पत्रा



तुम्ही आता वाचायला शिकलात. एसटीची पाटी वाचता. दुकानाची पाटी वाचता. पण दर महिन्याला घरात एक कागद येतो, तो कोणी वाचत नाही. खालचा आकडा तेवढा बघतात, "अबब!" म्हणतात, आणि कागद खुंटीला अडकवतात. तो कागद म्हणजे विजेचे बिल. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे. पहिली गोष्ट आमच्याच चुकीची आहे, ती आधी सांगून टाकतो.

आम्ही उभा जन्म शाळेत गणित शिकवले. नफा-तोटा शिकवला, काळ-काम-वेग शिकवला. आणि घरचाच हिशेब आम्हाला चुकला.

झाले असे. एका वर्षी मे महिन्याचे बिल १४२ युनिटचे आले. थंडीत तेच सत्तर-ऐंशी असायचे. आम्ही संतापलो. घरात रात्री उशिरापर्यंत कोणाचा दिवा जळतो? तर आमच्या नातीचा. पोरीने दहावीचा अभ्यास सुट्टीतच सुरू केला होता. आम्ही हुकूम सोडला, "रात्री नऊला दिवा बंद! अभ्यास दिवसा करायचा." पोरगी काही बोलली नाही. हेडमास्तर आजोबांपुढे कोण बोलणार?

आठ दिवसांनी आम्ही मध्यरात्री उठलो. बाहेर आलो तर गोठ्यात कोणीतरी बसलेले. आमच्या छातीत धस्स झाले. जवळ जाऊन पाहतो तो नातच! गोठ्यातल्या दिव्याखाली, म्हशीच्या शेजारी, गोणपाट टाकून पुस्तक वाचत होती. अंगावर डास बसलेले. आम्ही म्हटले, "अगं, इथं का बसलीस?"

ती म्हणाली, "आजोबा, इथला दिवा तुम्ही बंद करत नाही ना, म्हणून."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

सकाळी सूनबाई चहा घेऊन आल्या. त्या बारावी शिकलेल्या आहेत. म्हणाल्या, "मामंजी, राग मानू नका. पण कोणता दिवा किती वीज खातो, ते मीटरवर मोजून बघू या का?"

आता हे नीट ऐका. हे तुम्हालाही करता येईल. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. म्हणजे तो लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल. तो वाचून घ्या.

आम्ही घरातले सगळे बंद केले. फ्रीजसुद्धा. मग फक्त नातीच्या खोलीतला दिवा लावला. तो ९ वॉटचा पांढरा एलईडी दिवा. घड्याळ लावून दहा मिनिटे मोजले. लाल दिवा पाच वेळा लुकलुकला. तो बंद करून गोठ्यातला दिवा लावला. तो जुना पिवळा, ६० वॉटचा. दहा मिनिटांत बत्तीस वेळा! मग एक पंखा लावला. चाळीस वेळा.

आम्ही पाटी घेतली. एक युनिट म्हणजे काय? १००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते. नातीचा दिवा ९ वॉटचा, रोज ३ तास. नऊ त्रिक सत्तावीस. महिन्याचे झाले ८१०. म्हणजे पुरते एक युनिटही नाही. गोठ्यातला दिवा ६० वॉटचा, रात्रभर ११ तास. रोजचे ६६०. महिन्याचे १९,८००. म्हणजे जवळजवळ २० युनिट.

पाहा हं. एका युनिटासाठी आम्ही पोरीला अंधारात बसवले, आणि वीस युनिट म्हशीपुढे जाळले. तो दिवा कोणी लावला होता? आम्हीच. बिबट्याच्या भीतीने.

तुम्ही विचाराल, गुरुजी, तो पिवळा दिवा ठेवलाच कशाला? सन २०१५ मध्ये सरकारची उजाला योजना निघाली. त्यात एलईडी दिवे स्वस्त मिळाले. आम्हीही घेतले. पण जुने दिवे चालू होते. चालती वस्तू टाकायची कशी? म्हणून ट्रंकेत जपून ठेवले आणि एकेक करून गोठ्यात लावले. ही काटकसर नव्हे. ती वस्तू फुकट होती, पण तिचे खाणे फुकट नव्हते.

पिवळ्या दिव्यात एक बारीक तार असते. ती तापून लाल-पिवळी होते, तेव्हा उजेड पडतो. त्याला हात लावला तर पोळतो. म्हणजे विजेची ताकद बहुतेक सगळी उष्णतेत जाते. शंभरातले पाचच भाग कसेबसे उजेडाच्या वाट्याला येतात. एलईडीत तार तापवायची नसते. म्हणून ९ वॉटचा चांगला एलईडी जुन्या ६० वॉटच्या दिव्याइतका उजेड देतो. विकत घेताना खोक्यावरचे दोन आकडे वाचा. वॉट म्हणजे दिवा खातो किती. ल्युमेन म्हणजे देतो किती. कमी खाणारा आणि जास्त देणारा घ्यावा. म्हैस घेताना आपण हेच बघतो की नाही?

गोठ्यात आता एलईडी आहे. दिवा रात्रभर असतोच. वीस युनिटांचे तीन झाले.

पण बिलात मोठा वाटा दिव्याचा नव्हताच. तो होता पंख्याचा. दोन पंखे, ७५ वॉटचे, उन्हाळ्यात रोज अठरा तास. दोन्ही मिळून महिन्याला ८० युनिट. आम्ही लगेच म्हणालो, "दुपारी पंखा बंद ठेवत जाऊ." त्यावर नातीची आजी म्हणाली, "पंखा बंद करा म्हणता? आधी तो पत्रा बंद करा!"

तिचे खरे होते. त्याच महिन्यात एका दुपारी ती चुलीपाशी चक्कर येऊन पडली होती. तिला उचलून कडुनिंबाखाली नेले, पाणी पाजले, तेव्हा डोळे उघडले. पत्र्याच्या घरात दुपारी माणूस भाजून निघतो. आणि पंखा गारवा तयार करत नाही. तो हवा हलवतो, एवढेच. पत्र्याखालची तापलेली हवा तोच खाली आपल्या अंगावर ढकलतो.

आमच्या लहानपणी हे घर धाब्याचे होते. वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर. बाहेर ऊन मी म्हणायचे, पण आत आल्यावर बरे वाटायचे. कोकणात कौलांच्या खाली माळा असतो. ऊन कौलांवर पडते, माळा तापतो, खालची खोली त्या मानाने थंड राहते. आम्ही माती उतरवली आणि पत्रा चढवला. गळती थांबली, दरवर्षीचे चोपणे वाचले. पण उन्हाला अडवणारे काही उरले नाही.

गोधडीचे उदाहरण घ्या. गोधडी आपल्याला ऊब देते, असे आपण म्हणतो. पण गोधडीत विस्तव थोडाच असतो? ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. बर्फवाला बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळतो. तिथे तेच गोणपाट बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. भुशात, कापसात, चिंध्यांत हवा अडकलेली असते. अडकलेल्या हवेतून उष्णता लवकर जात नाही. थंडीच्या देशांत लोक माळ्यावर काचेच्या तंतूंची कापसासारखी जाड गादी पसरतात. घरातली ऊब वरून निघून जाऊ नये म्हणून. आपल्याला उलटे काम आहे. वरची आग खाली येऊ द्यायची नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पुष्कळ लोक पत्र्यावर उसाचे पाचट पसरतात. त्याने फरक पडतो, हे खरे. आम्हीही एक वर्ष पसरले. पण त्यात उंदीर झाले, उंदरांमागे साप आला. शिवाय चुलीची एक ठिणगी वर गेली तर काय, या धास्तीने आम्ही ते काढून टाकले.

मग आम्ही बुरुडाकडून बांबूचे तट्टे विणून घेतले. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून ते वाशांना पक्के बांधले. वरून शेणामातीचा पातळ गिलावा दिला. दोन्ही टोकांच्या भिंतींत उंचावर झरोके पाडले. तापलेली हवा तिथून बाहेर जाते. झरोक्यांना जाळी लावली, नाहीतर खारी घर करतात. वायरी उघड्या सोडल्या नाहीत. वायरमनकडून सगळ्या नळीत घालून घेतल्या. हे विसरू नका. तट्ट्यावर उघडी वायर म्हणजे घरात काडी लावून ठेवणे.

पत्र्याला वरून पांढरा रंग दिला. उन्हातला माणूस पांढरा पटका का बांधतो? पांढरा रंग ऊन परत फेकतो. गुजरातमध्ये अहमदाबाद शहरात २०१७ साली गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा चुना लावला, तो याचसाठी. तुमचे घर स्लॅबचे असेल तर चुना चालेल. दर उन्हाळ्याच्या आधी नवा हात द्यावा. पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, पहिल्या वळवाने वाहून जातो. पत्र्याला रंगच लावावा.

घर महाबळेश्वर झाले, असे काही आम्ही सांगणार नाही. दुपारी उकडतेच. पण आता आजी आत बसून धान्य निवडते. एक पंखा पुरतो, तोही रात्री बारानंतर बंद होतो.

आता बिलाचे. परवा एक जण म्हणाला, "गुरुजी, शंभर युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटना जादा दर लागतो." तसे नाही. पहिल्या शंभर युनिटना पहिला दर. शंभराच्या पुढे जेवढे जातील, तेवढ्यांनाच वरचा दर. म्हणजे आमच्या १४२ युनिटांतले वरचे ४२ महाग होते. आपण वाचवतो तेव्हा आधी हेच महाग युनिट वाचतात. पुढच्या मे महिन्यात आमचे बिल ९७ युनिटचे आले. रुपये मात्र त्याच मापाने उतरत नाहीत. स्थिर आकार म्हणून एक रक्कम असते. ती घराला कुलूप असले तरी लागते.

नात दहावी पास झाली. आता तालुक्याला कॉलेजात जाते. तिच्या दिव्याला कोणी हात लावत नाही.

बरे, आता तुमची बिले बाहेर काढा. ज्याचा चष्मा घरी राहिला असेल, त्याने शेजाऱ्याजवळ सरकून बसा. 'मागील रीडिंग' कुठे लिहिले आहे? सापडले? त्यावर बोट ठेवा. आता 'चालू रीडिंग' शोधा. चालूमधून मागील वजा करा, आणि उत्तर पाटीवर लिहा.