हरवलेला माणूस आणि संशयित माणूस
(पलूस येथील बैठकीतील भाषण)



बैठकीचा विषय वाचून दारात काहीजणांनी विचारले, उसाचे बिल आणि द्राक्षाचा भाव सोडून पोलीस ठाण्याचे हे काय काढले? कारण सांगतो.

मागे आपल्याच भागातल्या एका गावातून एक माणूस नाहीसा झाला. दोन दिवस विहिरी, ओढे आणि नदीकाठ पालथा घातला. तिसऱ्या दिवशी संशय कुणावर गेला? ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्यावर. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका पोराला कुठलीही नोंद न करता तीन दिवस ठाण्यात बसवून ठेवले. आम्ही विचारायला निघालो तर आम्हाला अडवले कुणी? गावानेच. "दोन लावू द्या, आपोआप बोलेल." आठ दिवसांनी तो हरवलेला माणूस परजिल्ह्यात पाहुण्यांकडे सापडला. पोर मात्र हंगाम अर्धा टाकून निघून गेले. अंगावर उचल राहिली ती राहिलीच.

त्या दिवशी चूक फक्त ठाण्याची नव्हती. ती आपलीही होती. म्हणून हा विषय.

आमचे शिक्षण शेतकीचे. द्राक्षाच्या पानावर डाग दिसला, तर तो डाऊनीचा की करप्याचा हे न बघता पंप चालू करणाऱ्याला आपण काय म्हणतो? औषध वाया जाते, रोग बागेत राहतो. तपासात मारहाण म्हणजे तीच आंधळी फवारणी. मार चुकवण्यासाठी माणूस काहीही कबूल करतो, आणि खरा गुन्हेगार तेवढ्या वेळात लांब जातो.

आपल्याच मुलखातली दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिले, अश्विनी बिद्रे-गोरे यांचे. हातकणंगले तालुक्यातल्या आळते गावची लेक, स्वतः सहायक पोलीस निरीक्षक, काही काळ सांगलीत नेमणूक. एप्रिल २०१६ मध्ये त्या नवी मुंबईतून नाहीशा झाल्या. बेपत्ता म्हणून नोंद झाली जुलैमध्ये. अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला जानेवारी २०१७ उजाडला. संशय होता वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकर याच्यावर. त्याला अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. घरच्यांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. मृतदेह अखेरपर्यंत सापडला नाही. तरीही एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकरला खुनाबद्दल जन्मठेप दिली. पुरावा नष्ट करण्यात साथ दिल्याबद्दल दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि चौथा आरोपी निर्दोष सुटला. मृतदेह नसताना गुन्हा शाबीत झाला तो परिस्थितीजन्य पुराव्यावर, एकेक कडी जोडून. आणि त्याच पुराव्याच्या चाळणीतून चौथा माणूस बाहेर आला. चावडीवर निकाल लागला असता तर चौघेही एकाच दोराला लटकले असते.

दुसरे, सांगली शहर पोलीस ठाण्याचे. नोव्हेंबर २०१७. लुटीच्या संशयावरून दोन तरुणांना पकडले. मग पोलिसांनी सांगितले, दोघेही कोठडीतून पळाले. प्रत्यक्षात त्यांतल्या एकाचा जळालेला देह आंबोलीच्या घाटात मिळाला. पोलीस उपनिरीक्षक आणि त्याच्या साथीदारांना अटक झाली, तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. आरोप असा की मारहाणीत जीव गेला आणि तो झाकण्यासाठी पळाल्याची कहाणी रचली.

म्हणजे बघा. एकीकडे हरवलेल्या बाईचा तपास वेळेवर झाला नाही. दुसरीकडे संशयित माणूसच 'हरवला'. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट मोडली, ती म्हणजे कागद. नोंद वेळेवर नाही, किंवा नोंद आहे ती खोटी. म्हणून आम्ही म्हणतो, हरवलेल्यासाठी न्याय मागणे आणि संशयिताचे हक्क मागणे ही दोन भांडणे नाहीत. एकच आहे.

आता हक्क काय ते नीट ऐका. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, हक्क गेले नाहीत.

एक. साक्षीसाठी बोलवायचे तर लेखी हुकूम लागतो. बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला, ६० वर्षांवरच्या माणसाला, अपंगाला किंवा फार आजारी असलेल्याला जबाबासाठी ठाण्यात या म्हणून सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा.

दोन. 'चौकशीला बसवलाय' अशी कुठलीही तिसरी अवस्था कायद्यात नाही. एक तर माणूस मोकळा आहे, उठून घरी जाऊ शकतो. नाहीतर त्याला अटक आहे, आणि मग प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभा केलाच पाहिजे. हे घटनेच्या २२ व्या अनुच्छेदात आहे.

तीन. अटकेचा पंचनामा वेळ-तारखेसह झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही पाहिजे, नातेवाइकाला कळवले पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली हे घालून दिले, आता ते कायद्यात आहे.

चार. स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते. पोलिसांनी लिहिलेल्या जबाबावर सही करायची नसते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. मात्र त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. नार्को किंवा खोटे पकडायच्या यंत्राची चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हा निकाल २०१० चा.

पाच. संशयित सापडत नाही म्हणून त्याच्या बापाला, बायकोला आणून बसवणे हे बेकायदा आहे. भूमिगतांच्या घरच्यांना छळण्याची रीत इंग्रजांच्या पोलिसांची. कुंडलच्या, प्रतिसरकारच्या मातीत ती पुन्हा रुजू द्यायची का?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलिसांना चौकशी करण्याचा, झडती घेण्याचा, फोनच्या नोंदी मागवण्याचा, कायद्याने बोटांचे ठसे आणि रक्ताचा नमुना घेण्याचा अधिकार आहे. त्यात आडवे पडायचे नाही, खोटे बोलायचे नाही, पळायचे तर मुळीच नाही. कायद्याने चालणाऱ्या फौजदाराला आपली साथ आहे.

मग गावाने काय करायचे? माणूस हरवला की त्याच दिवशी नोंद करा आणि नोंदीची प्रत घ्या. हरवलेले १८ वर्षांखालचे असेल तर अपहरणाचा गुन्हाच नोंदवला पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. घातपाताचा संशय असेल तर कारणे लेखी द्या आणि पोच घ्या. आणि कुणाला उचलून नेले, मग तो आपला असो, टोळीतला असो की पालावरचा, तर पोलीस पाटलासह दोघांनी ठाण्यात जाऊन एवढेच विचारायचे: अटक आहे का? किती वाजता? कागद कुठे? आवाज चढवायचा नाही. वेळ वहीत लिहून ठेवायची. वकील नसेल तर विधी सेवा समितीकडे फुकट मिळतो.

२४ तास उलटले आणि माणूस दिसत नाही, तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्यासाठी कोल्हापुरात सर्किट बेंच आहे. कोठडीतून माणूस मेला किंवा नाहीसा झाला तर दंडाधिकाऱ्याने चौकशी करायची असते. 'नाहीसा झाला' हे शब्द कायद्यातच आहेत. कायदा करणाऱ्यांनाही ती भीती होती.

त्या ऊसतोडीच्या पोराला कुठे शोधायचे, हे आज आम्हाला माहीत नाही. त्याची माफी मागायची राहिली आहे. निदान पुढच्या हंगामात टोळ्या येतील तेव्हा आपल्या शिवारात तसे दुसरे पोर एकटे पडणार नाही, एवढे आज इथे ठरवून उठू या.