विषारी माती कुणाच्या दारात?



१९७८ साल. अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलिना राज्य.
रात्रीच्या अंधारात टँकर फिरले,
आणि रस्त्यांच्या कडेला विषारी तेल सोडून गेले.

सरकारनं ती तेल मुरलेली माती खरवडून काढायचं ठरवलं. पण पुरायची कुठे?
जागा ठरली वॉरेन काउंटी.
वस्ती बहुतांश कृष्णवर्णीयांची, गरिबांची.
भूजल वरच लागणारं, आणि पिण्याला विहिरी!

१९८२मध्ये ट्रक आले.
त्यांना अडवायला माणसं रस्त्यावर आडवी झाली.
पाचशेहून अधिक जणांना अटक झाली.

माती तिथंच पुरली गेली.
पण कचरा कुणाच्या दारात टाकायचा, हे नुसती जमीन पाहून ठरत नाही. वंश आणि सत्ताही ते ठरवतात.
पुन्हा सांगतो, नुसती जमीन नव्हे. वंश आणि सत्ताही.

ती माती शुद्ध व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.