संग्रहालयात काम करायचं, तर काय शिकायचं?



दहावी-बारावीनंतर काय, यावर आपल्याकडे उन्हाळाभर व्याख्यानं होतात. पदवीनंतर संग्रहालयाच्या वाटेला जायचं असेल तर काय, यावर सहसा होत नाहीत. अशी वाट आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. तिकीट फाडणारा आणि दालनात खुर्ची टाकून बसलेला पहारेकरी, एवढीच माणसं आपल्याला दिसतात. बाकीची आत असतात. ती काय करतात ते आधी सांगतो, अभ्यासक्रमांकडे मग येऊ.

जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. वर्तमानपत्रांचे रकाने भरले, वादही झाले. मला रस होता तो कागदपत्रांत. ती वाघनखं कायमची आली नव्हती, तीन वर्षांच्या मुदतीवर उसनी आली होती. अशी वस्तू समुद्रापार आणायची म्हणजे करार आला, विमा आला. निघताना ओरखडा न् ओरखडा टिपायचा, पोचल्यावर तोच अहवाल समोर ठेवून पुन्हा ताडून पाहायचा. ही कामं करणारी माणसं कुठल्याही फोटोत दिसली नाहीत आणि त्यात गैर काही नाही.

पण खरी परीक्षा पुढे आहे. ही वाघनखं जेम्स ग्रँट डफकडे होती. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा आणि साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला, तोच हा. त्याच्या वंशजाकडून ती 1971 मध्ये लंडनच्या संग्रहालयाला मिळाली. ती शिवाजी महाराजांची आहेत, असा मजकूर त्यांच्या डबीवर आहे. आणि तेच संग्रहालय आपल्या नोंदीत सांगतं, की ही तीच वाघनखं असल्याची खात्री करता येत नाही.

आता समजा तुम्ही अभिरक्षक आहात. काचपेटीशेजारच्या पाटीवर काय लिहाल? जागा जेमतेम पन्नास शब्दांची. परंपरा काय सांगते, कागद कुठवर पोचतात, कुठे तुटतात, हे सगळं त्यात यायला हवं. शिवाय पेटीसमोर हात जोडून उभ्या राहिलेल्या आजोबांचा उपमर्दही व्हायला नको. संग्रहालयशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे, माझ्या मते, अशी पाटी लिहिता येण्याची तयारी. बाकी सगळं त्या पाटीच्या मागचं काम आहे.

पाटी लिहायची तर नोंद हवी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, दिवे आहेत, पाय घासायच्या वज्री आहेत. काकासाहेब केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून हा संसार गोळा केला आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. असाच एखादा अडकित्ता उद्या तुमच्या टेबलावर आला, तर तो कुठल्या घरातून आला, कोणी दिला, केव्हा दिला, हे त्याच दिवशी लिहिलं गेलं पाहिजे. देणारा गेला की हे सांगणारं कोणी उरत नाही. मग त्याला दाखल क्रमांक द्यायचा. तो धातूवर थेट लिहायचा नाही. न दिसणाऱ्या जागी, पुढे काढून टाकता येईल अशा लेपाचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की बारीक निबने क्रमांक घालायचा, वर पुन्हा एक थर. पैठणी असेल तर सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत दोन-चार सैल टाक्यांनी शिवायची. पैठणीची घडी घालायची नाही, घडीवर जर तुटते. ती नळीवर गुंडाळायची. दालनात तिच्यावर पडणारा उजेड पन्नास लक्सच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. ‘फार अंधार आहे हो तुमच्याकडे’ ही तक्रार मग रोज ऐकायची.

हे शिकायचं कुठे? देशातला या विषयाचा सर्वांत जुना विभाग बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे, 1952 पासूनचा. बडोदाच का, हे सयाजीबागेत गेलं की कळतं. तिथलं संग्रहालय 1894 चं आणि चित्रदालन 1921 मध्ये खुलं झालेलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीरावांनी युरोपातली चित्रं जाणकाराकडून निवडून घेऊन आपल्या प्रजेसाठी टांगली. दिल्लीतली राष्ट्रीय संग्रहालय संस्था 1989 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तिचाच वारसा सांगणारी संस्था आता नोएडात आहे. तिथे कलेतिहास, जतन-संवर्धन आणि संग्रहालयशास्त्र असे तीन वेगळे एम.ए. होत आले आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पदव्युत्तर पदविका आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने आधुनिक कला आणि प्रदर्शन-मांडणीची पदविका चालवली आहे. कलादालनांत काम करायचं असेल त्यांनी या दुसऱ्या वाटेची चौकशी करावी. परदेशी जायचंच असेल तर इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाचं नाव घ्यावं लागतं, तिथला विभाग 1966 चा. शुल्क मात्र आपल्या खिशाचा विचार करून पाहावं.

प्रवेश घेण्याआधी एक करा. माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि विचारा, ‘तुमच्या विद्यार्थ्यांना भांडारात जाऊ देता का?’ वर्षभर फळ्यावर दमटपणाचे आकडे लिहून घेणाऱ्या मुलापेक्षा कसर लागलेली एक पोथी हाताळलेला मुलगा मला जास्त उपयोगाचा वाटतो. विज्ञानाच्या पदवीधरांनाही सांगतो, हे क्षेत्र फक्त इतिहासवाल्यांचं नाही. जतन-संवर्धनात रसायनशास्त्र जाणणारी माणसं लागतात आणि ती कमी पडतात.

नोकऱ्यांचं काय? इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. सरकारी कायम पदं थोडी, जाहिराती क्वचित आणि निकाल त्याहून सावकाश. पहिली काही वर्षं बहुधा कंत्राटावर जातील. पण दारं पूर्वीपेक्षा जास्त आहेत. उद्योगसमूहांनी आपली दप्तरं जपायला घेतली आहेत. टाटांचं अभिलेखागार पुण्यात आहे, गोदरेजांचं विक्रोळीत. दिल्लीत किरण नाडर, बंगळूरमध्ये ‘मॅप’ अशी खासगी कलासंग्रहालयं उभी राहिली. संग्रहांच्या संगणकीय नोंदींसाठीची ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅकची. लिलावगृहं आहेत, कलादालनं आहेत. पगार पहिल्या दिवशी अभियंत्याच्या बरोबरीचा नसेल, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आणि ज्यांना अजून ठरवता येत नाही, त्यांनी या सुट्टीत जवळच्या लहान संग्रहालयात जाऊन काम मागावं. औंधचं श्रीभवानी संग्रहालय आहे, कोल्हापूरला टाऊन हॉल आहे, नागपूरचा अजब बंगला आहे. काम मिळालंच तर ते बहुतेक जुनी नोंदवही उतरवून काढण्याचं असेल. दोन आठवडे ते करा. दुसऱ्या आठवड्यातही ‘ही वस्तू कुठून आली असेल?’ असा प्रश्न पडत असेल, तर अर्ज भरा. कंटाळा आला, तर पालकांचे दोन वर्षांचे पैसे वाचले.

आता तुमचे प्रश्न घेतो. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे.