जक्कयाचा हिशेब



श्रद्धा आणि व्यवहार यांवर मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकजण ख्रिस्ती नाहीत. मी आहे, म्हणून मी माझ्या घरातल्या श्रद्धेविषयी बोलेन. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेला ते परके वाटणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी याच शहरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. ख्रिस्ती मुलेही त्यांतून वगळली नाहीत. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली इथे आले, आणि त्यांच्या नावाचे चर्च आजही कोल्हापुरात आहे.

शुभवर्तमानातला जक्कय मला फार जवळचा वाटतो. तो जकातदारांचा मुख्य होता. श्रीमंत होता आणि लोकांच्या मनातून उतरलेला होता. येशूला पाहण्यासाठी तो झाडावर चढला, आणि येशू त्याच्याच घरी पाहुणा म्हणून गेला. त्यानंतर जक्कय म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचे लुबाडले असेल तर चौपट परत करतो. नोकरी सोड, असे येशूने त्याला सांगितल्याची नोंद नाही. दुसऱ्या एका जकातदाराने, मत्तयाने, येशूमागे जाताना जकातीचा नाका सोडला, हेही तितकेच खरे. पण आपल्यापैकी बहुतेकांना जक्कयाचाच रस्ता मिळतो. त्याच टेबलाशी, त्याच वहीत, पण हिशेब नीट करायचा.

मी बँकेत नोकरी केली. कर्ज देताना तारण मालाचा साठा गोदामात जाऊन पाहायचा असतो, मोजायचा असतो. एकदा न पाहताच अहवालावर सही करण्याचा आग्रह झाला. कर्जदार मोठा होता, वरून फोन आला, मार्चअखेर होती. मी गोदाम पाहूनच सही करीन म्हणाले. पुढच्या बदल्यांत माझे नाव लांबच्या गावाला निघाले. मुलांच्या शाळा, सासूबाईंचे औषधपाणी, सगळ्याची ओढाताण झाली. ही ओढाताण खरी असते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. प्रामाणिक माणसाचे देव सगळे सोपे करतो, असे व्यासपीठावरून सांगणारे तुम्हांला फसवतात. त्या दिवसांत मला बळ आले ते रोजच्या प्रार्थनेतून, आणि चर्चच्या मंडळीतल्या ज्या बायकांनी न विचारता डबे आणून दिले त्यांच्याकडून.

आपल्या शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले आणि १८९७ साली वैद्यकीय विद्यालय सुरू केले. ते मिशनरी होते. पण त्यांची उपासना शोधायची तर शस्त्रक्रियेच्या टेबलाशी शोधावी लागते. हात धुणे, टाके, मोतीबिंदू, विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा शिकवणे, यांतच वर्षे गेली.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मला त्याहून मोठे वाटते. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्या काही वर्षांनी त्या वाटेवर आल्या. टिळक हाती आलेले देऊन टाकत. उद्या चूल कशी पेटेल, याचा विचार लक्ष्मीबाईंनी करायचा. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. त्यात धर्मशास्त्राची चर्चा थोडी आहे. आहेत ती आजारपणे, रिकामे डबे, परकी मुले आपली म्हणून वाढवणे, नवऱ्याशी भांडण आणि पुन्हा समेट. स्वयंपाकघरातल्या विवंचनेतून श्रद्धा कशी रुजते, हे मराठीत इतक्या खरेपणाने दुसऱ्या कुणी लिहिले असेल, असे मला वाटत नाही.

येशू स्वतः सुतार होता. उपदेशाला निघाला तेव्हा तो तिशीचा होता, म्हणजे आयुष्याचा मोठा भाग लोकांच्या नजरेआड, कामात गेला. तो काळ वाया गेला असे कुणी म्हणत नाही. तुमचाही जाणार नाही.

आता तुम्ही दुकानात, शाळेत, कारखान्यात, पतसंस्थेत जाल. पहिल्या पगारातला काही भाग गरजवंतासाठी बाजूला काढा, मग उरलेल्याचा हिशेब मांडा. हाताखालच्या माणसाचे पैसे ठरलेल्या दिवशी द्या. आणि जे स्वतः पाहिलेले नाही, त्यावर कुणाच्याही सांगण्यावरून सही करू नका.